चहा पिऊन आलं की चालणारं टोकन

आक्कांच्या ऑफिसात लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या आवाजावर बंदी आली. माझ्या स्वतःच्या न्हवं, बाकीच्यांच्या.

झालतं असं. ऑफिसातला फोन वाजला, आक्का खाली गेलत्या, आणि मला राहवलं न्हाय. मी फोन उचलला आणि मोबाईलमधली ती कन्नड बाई बोलते न्हवं, तिच्या आवाजात म्हटलं, "चंदादाररु व्याप्तिप्रदेशदिंद होरगिद्दारे." म्हंजे साहेब रेंजच्या बाहेर हायत. पलीकडं खडेबाजारातला एक साडीवाला होता. त्यानं गुमान फोन ठेवला. संध्याकाळी आक्का त्याला वाटंत भेटल्या तर तो म्हणतोय, "तुमचं ऑफिस दुपारी रेंजच्या बाहेर गेलतं काय हो?"

आक्कांनी त्याला काय सांगितलं ठाऊक न्हाय. मला वर येऊन एवढंच म्हटल्या, "आपला तो तारेचा फोन हाय. तारेचा फोन रेंजच्या बाहेर कसा जाईल रं?"

"त्यांना पटलं की खरं."

"हितनं पुढं ऑफिसात स्वतःच्या आवाजात बोलायचं. न्हायतर बोलायचंच न्हाय."

मी मूळचा निपाणीचा. दुसऱ्याचा आवाज गळ्यात घालायची खोड शाळेपासनंची. हेडमास्तर, संकेश्वरला उतरणाऱ्यांना ढकलणारा कंडक्टर, तंबाखूच्या वखारीतला वजन करणारा, लग्नात माइक सोडत न्हाय तो पाव्हणा. कुणाचा बी आवाज एकदा कानात गेला की गळ्यातनं बाहेर येतोयच. आई म्हणायची, ह्याला देवानं स्वतःचा आवाज दिलाच न्हाय, सगळं उसनवारीवर चाललंय.

ऑफिस सॉफ्टवेअरचं, म्हंजे अनगोळात पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरण सुरू झाली की वर आमच्या कीबोर्डवर जोंधळ्याचं पीठ. माणसं तीन. आक्का मालकीण, मी, आणि बेळगुंदीचा एक गडी, जो सकाळी म्हशीची धार काढून मग कॉम्प्युटरला बसायचा. भिंतीवर एक घड्याळ, ते दहा मिनिटं पुढं. मुद्दाम. "ऑफिसचं वाजलं की वाजलं," हे आक्कांचं ठरलेलं वाक्य. ह्यात मला काय नवल वाटलं न्हाय. निपाणीत आमच्या घरातलं घड्याळ बी पुढंच असतंय, बस चुकू नये म्हणून. पुढं हाय हे सगळ्यांना ठाऊक, तरी बघितलं की पळायचं.

बेळगुंदीवाला मात्र भांडायचा. उशीर झाला की हजेरी लावायच्या त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवायचा. "आक्का, ह्यात अजून न्हाय वाजलं." आक्कांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बी पुढं केलं आणि ते आपलं आपण नीट होऊ नये म्हणून त्याची ती सोय बी बंद केली. "आता भांड," म्हटल्या. विषय संपला. हसून आम्ही विसरून गेलो.

आता आक्कांच्या आप्पांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार न्हाय. आक्कांचं माहेर वडगावचं. आप्पांचे माग हायत, साड्या निघत्यात, आणि गल्लीतल्या मागवाल्यांत त्यांचा शब्द चालतोय. सगळा कारभार फोनवर. निपाणीतनं नायतर खडेबाजारातनं दुकानदार विचारणार, "आप्पा, मोरपंखी रंगात काय हाय?" मग आप्पा फोन कानाला तसाच धरून आतल्या मामांना ओरडणार. मामा म्हंजे साड्यांचे गठ्ठे सांभाळणारे. माग चालू असले की वडगावात माणूस माणसाला दिसतो, खरं ऐकायला येत न्हाय, म्हणून आप्पांचा आवाज असा बनलाय की चालू मागातनं आरपार जातोय. मामांना तेवढा आवाज पुरतो. तोंड बघायची गरज न्हाय.

आक्कांनी मागवाल्यांसाठी एक अॅप काढायला घेतलतं. मागावरनं साडी उतरली की तिचा फोटो त्यात टाकायचा. दुकानदारानं दुकानात बसून बघायचं आणि पाहिजे ती राखून ठेवायची. एकच साडी दोघांना कबूल व्हायची भानगड न्हाय, ओरडाओरड न्हाय. आप्पांना ते पटत नव्हतं. ते आक्कांच्या ऑफिसला 'टकटक' म्हणायचे. टकटकीत काय चाललंय, टकटक बंद करून घरी कधी जातीस, असं. लेक मागाचा धंदा सोडून पिठाच्या गिरणीवर जाऊन बसली हे काय त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

एक दिवस आक्का वडगावास्नं आल्या आणि म्हटल्या, "आप्पा बघतो म्हणालेत. एकदा. मागाला सुट्टी असंल त्या सकाळी घेऊन ये म्हटलंय. चाललं तर गल्लीला सांगतील. न्हाय चाललं तर परत त्यांच्यापुढं हा विषय काढायचा न्हाय."

हे सांगताना त्या टेबलावरचं पीठ फडक्यानं पुसत होत्या. आक्का टेबलावरचं पीठ कधी पुसत न्हाईत. बेळगुंदीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघं बी कामाला लागलो.

काम बघायला बसलो तर मला पहिल्याच दिवशी मजा सापडली. अॅपच्या मागं एक खिडकी असते. हॉटेलात बघा, आत भटारखाना, बाहेर टेबलं, आणि मधी एक खिडकी. सप्लायर, म्हंजे वाढणारा पोरगा, खिडकीत जाऊन ओरडतो, आतनं डोसा येतो. अॅप म्हंजे तो सप्लायर, आणि त्या खिडकीला आमच्या धंद्यात एपीआय म्हणत्यात. ही खिडकी बेळगुंदीवाल्यानं लिहिलेली. तिला विचारायचं तर सोबत आपलं नाव सांगायचं. बस. मी आप्पांचं नाव घातलं, खिडकी म्हटली, या आप्पा. मी म्हटलं, माझ्या सगळ्या साड्या विकल्या म्हणून लाव. तिनं लावल्या. चाचणीच्याच साड्या होत्या, खरं तेवढ्यात आक्का मागं येऊन उभ्या राहिलेल्या.

"हे काय करायलास?"

"आक्का, मी काय केलं न्हाय. मी फक्त आप्पा हाय म्हणून सांगितलं."

"आणि त्यानं ऐकलं?"

"मामा ऐकत्यात तसंच ऐकलं की."

बेळगुंदीवाला म्हटला, "आमच्यात कोण खोटं नाव सांगतंय?"

"हा सांगतोय की," आक्का माझ्याकडं बोट करून म्हटल्या आणि मग मलाच म्हटल्या, "तू टोकन बसव ह्या खिडकीला. तूच बसव. तुला कसं फसवायचं ते ठाऊक हाय, मग तुला फसवता येणार न्हाय असं करून दाखव."

टोकन म्हंजे काय हे बेळगुंदीवाल्याला मी परत हॉटेलातच नेऊन सांगितलं. उभ्यानं खायचं हॉटेल असतंय, तिथं आधी काउंटरवर जायचं. काउंटरवाला तुला एकदा नीट बघतो, तू कोण, काय पाहिजे, आणि मग टोकन देतो. ते घेऊन खिडकीत जायचं. खिडकीतला माणूस तुझं तोंड बघत न्हाय, आवाज ऐकत न्हाय, टोकनावरचा हॉटेलचा शिक्का बघतो. तसा शिक्का तुला घरी मारता येत न्हाय, तो काउंटरच्या ड्रॉवरमधी कुलपात. आणि टोकनावर वेळ लिहिलेली, कितीपासनं कितीपर्यंत चालणार. नाष्ट्याचं टोकन जेवायला चालत न्हाय.

"म्हंजे पासवर्ड एकदाच सांगायचा, काउंटरला."

"व्हय. मग टोकन दाखवत फिरायचं."

हे त्याला पटलं. खरं पुढं एका शब्दावर तो अडला. टोकन पाठवताना त्याच्या आधी 'बेअरर' असा एक शब्द घालायचा असतोय. बेअरर म्हंजे, जो घेऊन आलाय तो.

"बेअरर म्हंजे वेटर न्हवं काय? कॅम्पातल्या जुन्या हॉटेलात वेटरला बेअररच म्हणत्यात."

"असू दे की, आपलं हॉटेलच चाललंय."

ह्या बेअररनं माझी एक अख्खी दुपार खाल्ली. त्याच्यापुढं एक जागा मोकळी सोडायची असते, मग टोकन. मी दोन्ही चिकटवून लिहिलेलं. खिडकी दर वेळी म्हणायची, परवानगी नाही. शिक्का चुकला तरी परवानगी नाही, वेळ संपली तरी परवानगी नाही, जागा सुटली न्हाय तरी परवानगी नाही. कारण सांगायचंच न्हाय असं मीच ठेवलतं. चोराला कशाला सांगा काय चुकलं ते. आक्का बघून म्हटल्या, तालुक्याच्या कचेरीत काम केलतंस काय रं आधी?

काउंटर, म्हंजे पासवर्ड बघून टोकन देणारं, हे आक्कांनी कोपऱ्यातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरच ठेवायला लावलं. "लोकांचे पासवर्ड माझ्या नजरेसमोर पाहिजेत," म्हटल्या. खिडकी बी आधी तिथंच होती. दोन्ही एका जागी, सगळं झकास चाललं. पुढं दुकानदारांची गर्दी झाली तर हे जुनं मशीन धाप टाकंल म्हणून खिडकी तेवढी आम्ही भाड्याच्या मशीनवर हलवली. ते मशीन कुठं हाय हे भाडं घेणाऱ्यांनाच ठाऊक.

आणि तिथनं ती गंमत सुरू झाली.

लॉगिन करायचं, टोकन यायचं, साड्या मागायच्या, परवानगी नाही. परत मागायच्या, परवानगी नाही. मी तासभर डोकं खाजवलं, बेळगुंदीवाल्यानं तासभर खाजवलं. मग तो म्हटला, चल चहाला. खाली गिरणीच्या शेजारी चहाची गाडी. चहा पिला, चार गोष्टी झाल्या, मी चहावाल्याचा आवाज काढून त्याच्याच गिऱ्हाइकाला ऑर्डर सांगितली, वर आलो, बटण दाबलं. साड्या हजर. रांगेनं. जांभळी, मोरपंखी, आनंदी रंगाची.

"काय केलंस?"

"काय न्हाय. चहा पिला."

दुसऱ्या दिवशी परत तेच. परवानगी नाही. चहा. साड्या हजर. बेळगुंदीवाल्याचं म्हणणं पडलं की मशीन लांब हाय, टोकन चालत चालत जातंय, पोचायला वेळ लागणारच. मी म्हटलं, टोकन काय दिंडीतनं जातंय काय? खरं चालतंय म्हटल्यावर खोलात कोण जाणार? आम्ही आमची रीतच बसवली. सकाळी आल्या आल्या लॉगिन, मग चहा, मग काम. काम चांगलं व्हायचं. थोड्या वेळानं टोकन संपायचं, परत लॉगिन, परत चहा.

आक्का म्हटल्या, "तुम्ही दोघं चहाला लई जाताय."

"कामाचाच भाग हाय आक्का," बेळगुंदीवाला म्हटला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

सुट्टीची सकाळ आली. आम्ही तिघं वडगावात. माग बंद. गल्ली अशी गप्प की कुणाच्या घरात भाकरी थापायलेत ते ऐकू येत होतं. आप्पा मागाच्या घरात खुर्ची टाकून बसलेले, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. गल्लीतले चार-पाच मागवाले बाकावर. मामा आतल्या खोलीत गठ्ठे लावायलेले. गेल्या गेल्या चहा आला. बेळगुंदीवाला माझ्या कानात कुजबुजला, "आत्ता नको, लॉगिन करून मग पिऊ." खरं पाव्हण्यांच्या घरात असं कसं सांगणार? पिला. झाला. कप आत गेले.

आक्कांनी आप्पांच्या फोनवर अॅप घालून दिलं. पासवर्ड आप्पांनी स्वतः टाकला, आमच्याकडं पाठ करून. लॉगिन झालं. वर हिरव्या अक्षरात आप्पांचं नाव आलं. बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. आक्का म्हटल्या, "आता 'माझ्या साड्या' दाबा, आप्पा."

आप्पांनी दाबलं.

फोन नाकापाशी नेला. लांब धरला. मग मोठ्यानं वाचलं, "परवानगी नाही."

"माझ्याच साड्या," आप्पा म्हटले, "आणि मलाच परवानगी नाही."

बाकावर एकजण खोकला. खोकला न्हवता तो. आक्कांनी फोन घेतला, परत दाबलं, परत तेच. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. परीक्षेच्या वर्गात पेपर फिरवून बघतात, मागल्या बाजूला तरी येणारं काय हाय काय म्हणून, तसा. आम्ही चहाची गोष्ट त्यांना कधी सांगितलीच नव्हती.

बेळगुंदीवाला एकदम म्हटला, "जरा चहा सांगता का?"

"आत्ता पिलास न्हवं?" आप्पा म्हटले. "साखर कमी पडली का काय?"

मी आक्कांच्या जवळ सरकलो आणि हळूच सांगितलं, "आक्का, थोडा वेळ गेला की चालतंय हे. का चालतंय ठाऊक न्हाय. खरं चालतंय."

"किती वेळ?"

"एक चहा."

आप्पा खुर्चीतनं उठायला लागलेले. आक्कांनी मला असं बघितलं की आधी मला वाटलं, नोकरी गेली. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटल्या, "आप्पा, बसा की. हा पोरगा निपाणीचा हाय. आवाज काढतोय. ऐका तरी."

बंदी उठली होती.

मी कंडक्टरपासनं सुरुवात केली. निपाणी स्टँडवर बस लागायच्या आधीच आत चढणारी बाई, तिच्या हातातली कोंबडी, आणि "यल्लिगे, कुठं जायचंय, हां, मुंदे होगी, पुढं सरका" असं एका दमात दोन भाषांत ढकलणारा कंडक्टर. बाकावर पहिलं हसू आलं. मग हेडमास्तर. मग ती कन्नड बाई, साहेब रेंजच्या बाहेर हायत. एकजण म्हटला, ही आमच्या घरात रोज येते. आप्पा बसले, खरं हसले न्हाईत.

"हे सगळे परगावचे," ते म्हटले. "माझा काढ बघू."

मी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी डोळ्यानंच, काढ.

मी कानाला मोकळा हात लावला, मान जरा तिरकी केली आणि मागाच्या आवाजावरनं जाणारा तो आवाज काढला. "हां. बोला. कोण? हां हां. मोरपंखी न्हाय, जांभळी हाय. थांबा हं. ओ मामा, जांभळ्याचा गठ्ठा बाहेर आणा."

बाकावरची माणसं हसून वाकली. आणि आतनं आवाज आला, "आणतो, आप्पा."

मामा गठ्ठा डोक्यावर घेऊन बाहेर आले. आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "कुणाला द्यायचा?"

हसणं एकदम थांबलं. आप्पा गठ्ठ्याकडं बघत राहिले. मग मामांकडं. मामांना काय कळंना.

"मी काय बोललो न्हाय, मामा."

"आत्ता ओरडला न्हवं तुम्ही?"

"हा ओरडला."

मामांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं. "ह्याच्या गळ्यातनं?"

आप्पांनी गठ्ठ्याची गाठ चाचपून बघितली. मग ते म्हटले, "फोनवर दुसरं कुणी असं बोललं असतं तर गठ्ठा गल्लीच्या बाहेर गेला असता." हे ते कुणाला सांगत नव्हते. मग माझ्याकडं वळले. "ह्या फोनला काढ की माझा आवाज. ह्याला आणायला लाव गठ्ठा."

मी अॅपसमोर वाकून आप्पांच्या आवाजात म्हटलं, "ए, साड्या दाखव."

परवानगी नाही.

"हे मात्र वाकत न्हाय," आप्पा म्हटले. त्यात कौतुक होतं का टोमणा ते कळलं न्हाय. "खरं मला बी दाखवत न्हाय. मग काय उपयोग?" मग लेकीकडं बघून म्हटले, "आता हिचा काढ. ऑफिसात कशी बोलते ते बघू दे आम्हाला."

आक्कांचा आवाज मी आजवर त्यांच्यासमोर काढला नव्हता. चहाच्या गाडीवर रोज काढायचो, ते वेगळं. खरं वेळ काढायचा होता. मी टेबल असल्यासारखं बोट आपटलं आणि सुरू केलं. "आलास? बस. काय म्हटलास, अजून न्हाय वाजलं? कॉम्प्युटरमधी न्हाय वाजलं? आता बघ कॉम्प्युटरमधी. ते बी पुढं केलंय मी. ऑफिसचं वाजलं की..."

आणि मी तिथंच थांबलो.

"की काय?" बाकावरनं कुणीतरी.

माझं तोंड उघडंच. बेळगुंदीवाला माझ्याकडं बघायलेला, मी त्याच्याकडं. कोपऱ्यातलं मशीन. आमचं काउंटर. दहा मिनिटं पुढं. टोकनावर वेळ लिहिलेली असते, कितीपासनं चालणार. आमचं काउंटर टोकनावर लिहितंय दहा मिनिटं नंतरची वेळ, आणि भाड्याच्या मशीनचं घड्याळ बरोबर. ते बघतंय आणि म्हणतंय, अहो, हे टोकन अजून सुरूच झालं न्हाय.

"आक्का," मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं. "घड्याळ."

"काय घड्याळ?"

"हजेरीचं मशीन. तुम्ही पुढं केलेलं."

आक्कांना एका क्षणात कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग आप्पांचा फोन त्यांच्या हातात देऊन म्हटल्या, "आप्पा, आता दाबा."

आप्पांनी दाबलं. साड्या आल्या. त्यांच्याच मागावरच्या. जांभळी सगळ्यात वर. आप्पांनी बोटानं सरकवून एकेक बघितली, आपल्याच साड्या आपण कधी न बघितल्यासारख्या. बाकावरची माणसं खुर्चीभोवती आली.

"मगाशी न्हाय म्हणत होतं," आप्पा म्हटले. "आता का दाखवतंय?"

मी हॉटेल काढलं. काउंटर, खिडकी, टोकन. काउंटरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं, म्हणून त्यानं टोकनावर पुढची वेळ टाकली. खिडकीचं घड्याळ बरोबर. तिनं सांगितलं, अजून वेळ व्हायची हाय. आता झाली.

"म्हंजे जी वेळ अजून आलीच न्हाय, त्या वेळचं टोकन दिलंत मला."

"व्हय, आप्पा."

"आणि काउंटरचं घड्याळ पुढं कुणी केलं?"

आक्का बंद मागाकडं बघत होत्या. मग मामाच गठ्ठा उचलता उचलता म्हटले, "तुमचं काय वेगळं हाय, आप्पा?" आणि हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं.

मागाच्या घरातलं घड्याळ. मोठं, काच पिवळी पडलेली. आम्ही सगळ्यांनी आपापले फोन बघितले आणि मग ते घड्याळ बघितलं. पुढं होतं.

"ही लहान होती तेव्हापासनं पुढं हाय ते," मामा म्हटले. "तुम्हीच केलतं. आणि शाळेला निघताना हिला रोज सांगायचा, मागाचं वाजलं की वाजलं."

आप्पा आधी घड्याळाकडं, मग लेकीकडं बघत राहिले. मग त्यांच्या सदऱ्यातनं एक हसू निघालं, चालू मागाच्या वरनं जाणारं, गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असंल. आक्का आधी हसल्या न्हाईत. मग त्यांना बी आवरलं न्हाय. बापलेक दोघं हसत होते आणि आम्ही बाकीचे कुठं बघायचं ते न कळून परत साड्या बघत होतो.

"ठेवा हे माझ्या फोनात," आप्पा म्हटले. बाकाकडं वळून म्हटले, "तुम्ही बी घ्या. आवाजावर माल द्यायचा न्हाय आता. ह्या निपाणीच्या पोराला आपला पत्ता कळलाय."

ऑफिसात येऊन मी पहिलं काम केलं ते कोपऱ्यातल्या मशीनचं घड्याळ नीट केलं आणि ते आपलं आपण नीट राहील असं केलं. बेळगुंदीवाल्यानं दुसऱ्या दिवशी लगेच हजेरीच्या वेळी बोट दाखवलं. "आक्का, कॉम्प्युटरमधी अजून न्हाय वाजलं." आक्कांनी भिंतीकडं बोट दाखवलं. "हजेरी आता हितनं." भिंतीवरचं घड्याळ अजून पुढंच हाय. त्याला कुणी हात लावायचा न्हाय असं ठरलंय. आमचा चहा मात्र कमी झाला, कारण काम एकदम पहिल्या फटक्यात चालायला लागलं. ह्याचं बेळगुंदीवाल्याला फार वाईट वाटलं.

पुढं महिनाभरात असंच एका दुपारी ऑफिसातला तारेचा फोन वाजला. पलीकडं आप्पा. जरा सर्दी झाल्यासारखा आवाज.

"हां. मी बोलतोय. पासवर्ड विसरलो रं. नवा सांग."

"आप्पा, फोनवर न्हाय देता येत. तुमच्या मोबाईलवर नंबर येईल, तो टाका आणि मग..."

"माझे माग, माझ्या साड्या, माझ्या लेकीचं ऑफिस. आणि मलाच परवानगी नाही?"

माझी जीभ 'देतो' म्हणायला वळली होती. खरंच वळली होती. तरी मी म्हटलं, "आप्पा, आवाजावर न्हाय. तुम्हीच सांगितलंय."

पलीकडनं आप्पांच्याच आवाजात, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

तेवढ्यात खाली गिरण बंद पडली आणि जिन्यातनं हसण्याचा आवाज आला. आक्का वर आल्या. हातात गिरणीवाल्याचा मोबाईल होता, मगाचा फोन त्याच्यावरनंच, आणि केसांवर पीठ.

"सर्दी जास्त झाली काय रं?" त्यांनी विचारलं.

"थोडी," मी म्हटलं. "शेवटचं 'बरं झालं' मात्र अगदी आप्पाच."

आक्का मोबाईल खाली परत द्यायला गेल्या, आणि जाता जाता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हटल्या, "चला, वाजलं."